दगडाचं वय विचारताना : पाटी, बोरीची राख आणि वर्गातली आजी



आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलांना "किती जुनं?" हा प्रश्न पडायला लांब कुठे जावं लागत नाही. समोर शिवनेरी, पलीकडे लेण्याद्री, घाटमाथ्यावर भीमाशंकर. सहल लेण्याद्रीला गेली की अर्ध्या पायऱ्या चढेपर्यंत कुणीतरी विचारतंच, "बाई, हे किती वर्षांचं आहे?" आपण सांगतो, "सुमारे दोन हजार वर्षांचं." उत्तर बरोबर आहे, पण ते कोरीवकामाचं वय झालं. ज्या काळ्या दगडात ही लेणी कोरली, तो दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. आपल्याकडे विहीर खोदताना याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक आणि हिरवट साय सापडते. ती दगड घट्ट झाल्यानंतर, त्यातून झिरपणाऱ्या पाण्यामुळे तयार झाली. म्हणजे ती दगडापेक्षा वयाने लहान. एकच डोंगर, आणि वयं तीन!

म्हणून मी वर्गात एक सवय लावायचा प्रयत्न करते. "किती जुनं?" विचारण्याआधी "काय जुनं?" ते विचारायचं. ही सवय किती कामाची आहे ते आज दोन उदाहरणांवरून सांगते. एक आहे आपल्या ओळखीची दगडी पाटी, आणि दुसरं आहे आपल्याच तालुक्यातलं कुकडीकाठचं बोरी.

पाटीची तीन वयं

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर अजून एखादी लाकडी चौकटीची दगडी पाटी असेल. आंध्र प्रदेशातलं मार्कापूर हे गाव अशा पाट्यांच्या दगडासाठी प्रसिद्ध आहे. शक्य झालं तर ती पाटी वर्गात न्या. मुलांना हात लावून बघू द्या, वाजवून बघू द्या, कडेने तिचे पापुद्रे दाखवा.

ही पाटी मुळात चिखल होती. डोंगर झिजले, बारीक गाळ पाण्याबरोबर वाहत गेला आणि समुद्राच्या किंवा तळ्याच्या तळाशी बसला. त्यावर आणखी गाळ साचला, दाब वाढला आणि चिखलाचा 'शेल' नावाचा गाळाचा खडक झाला. आपल्याकडे सगळीकडे काळा बेसॉल्ट, म्हणून शेल सहसा दिसत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडे गेलात तर दिसेल. पुढे जमिनीच्या हालचालींत हा शेल आणखी खोल गेला, दाबला गेला, तापला. पण फार नाही, साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. तेवढ्या उष्णतेत खडक वितळत नाही. त्याच्यातली चिकणमातीची खनिजं हळूहळू बदलतात, त्यांचे पापुद्रे एका दिशेने लागतात आणि पाटीचा दगड तयार होतो. यालाच कमी प्रतीचं रूपांतरण म्हणतात. पोळी भाजताना करपत नाही, फक्त कणकेची पोळी होते, तसंच काहीसं.

आता मुलांना विचारा, पाटीचं वय किती? तीन उत्तरं निघतात.

१. ज्या डोंगराच्या झिजेतून कण आले, त्या डोंगराचं वय.
२. गाळ तळाशी बसला तो काळ.
३. तापून-दाबून पाटी झाली तो काळ.

तिन्ही खरी आहेत. शास्त्रज्ञांना अनेकदा तिसरं हवं असतं, कारण पर्वत कधी उभे राहिले, जमिनीला कधी घड्या पडल्या, ते त्यातून कळतं. आणि नेमकं तेच मोजायला सगळ्यात अवघड. का, ते समजायला आधी दगडातलं घड्याळ समजून घेऊ.

दगडातलं घड्याळ

अभ्रक मुलांना माहीत असतं, चकाकणारे पातळ पापुद्रे. अभ्रकाच्या दोन पदरांमध्ये पोटॅशियम बसलेलं असतं. चिकणमातीत 'इलाइट' नावाचं एक अतिबारीक खनिज असतं. ते अभ्रकाचंच लहान भावंड म्हणा, त्याच्याही पदरांत पोटॅशियम असतं. आपल्या काळ्या जमिनीतलं चिकण खनिज वेगळं, त्याला 'स्मेक्टाइट' म्हणतात. पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि रानाला भेगा पडतात, ते यामुळेच. असाच स्मेक्टाइटचा चिखल जमिनीत खोल जाऊन तापला की तो पोटॅशियम घेऊन हळूहळू इलाइट होतो.

पोटॅशियमचे बहुतेक अणू शांत असतात. पण दर दहा हजारांत एखादा अणू किरणोत्सारी असतो. असे जितके अणू असतील त्यांतले निम्मे बदलायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. बदलणाऱ्यांतला साधारण दर नववा-दहावा अणू आरगॉन वायूचा होतो, बाकीचे कॅल्शियम होतात. आरगॉन कुणाशी रासायनिक जोडी जमवत नाही. पापुद्र्यांच्या मध्ये अडकून तो साठत राहतो. म्हणून पोटॅशियम किती आणि साठलेला आरगॉन किती हे मोजलं की खनिज कधी तयार झालं ते काढता येतं. घरातली दिनदर्शिकेची फाडलेली पानं कुणी डब्यात टाकत गेलं, तर पानं मोजून दिवस सांगता येतील, तसं हे.

अट एकच, डब्याचं झाकण मध्ये उघडलेलं नको. दगड वितळला तर आरगॉन उडून जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. खूप तापला तरी निसटतो. पण पाटीच्या दगडाला मिळते ती बेताची उष्णता. तेवढ्यात नवं इलाइट तयार होतं, त्याचं घड्याळ तेव्हापासून सुरू होतं. गाळाबरोबर वाहून आलेलं जुनं अभ्रक मात्र आपला आरगॉन बराचसा धरून ठेवतं, कारण तो पूर्ण सोडायला याहून जास्त उष्णता लागते.

म्हणजे एकाच चमचाभर पिठात दोन घड्याळं. एक पाहुणा, जुन्या डोंगराची वेळ सांगणारा. एक घरचा, पाटीच्या जन्माची वेळ सांगणारा. यंत्रात टाकल्यावर आकडा एकच येतो, आणि तो दोघांपैकी कुणाचाच नसतो!

वर्गातली आजी

हे मुलांना सांगून कळत नाही, करून कळतं. माझ्या पाचवीच्या वर्गात हा खेळ छान जमतो.

समजा वर्गात ३० जण आहेत, प्रत्येकाचं वय १० वर्षं. सरासरी वय १०. आता एक मूल बाहेर गेलं आणि त्याच्या जागी ७० वर्षांची आजी येऊन बसली. मुलांना सरासरी काढू द्या.

२९ मुलांचे २९० आणि आजीचे ७०, एकूण ३६०. भागिले ३०. उत्तर १२!

मग विचारा, "वर्गात १२ वर्षांचं कोण आहे?" मुलं एकमेकांकडे बघतात. कुणीच नाही. गणित बरोबर, उत्तर बरोबर, आणि त्या वयाचं माणूस वर्गात एकही नाही. माझ्या अनुभवात या क्षणी वर्ग एकदम शांत होतो आणि मग सगळे एकदम बोलतात.

आता पुढची पायरी. दोन आज्या बसवा, सरासरी येते १४. तीन आज्या, सरासरी १६. आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर आज्यांची संख्या, उभ्या रेषेवर सरासरी. तीन ठिपके सरळ रेषेत येतात. पट्टी लावून ती रेष मागे न्या, जिथे आज्या शून्य आहेत तिथपर्यंत. रेष थांबते १० वर. एकही 'आजी नसलेला' वर्ग हातात नसताना मुलांचं खरं वय मिळालं.

गंमत म्हणजे शास्त्रज्ञ शेलचं वय काढताना जवळजवळ हेच करतात. शेल कुटून पाण्यात ढवळतात. जाड कण आधी खाली बसतात, बारीक कण तरंगत राहतात. अगदी बारीक कण वेगळे करायला पाणी यंत्रात गरगर फिरवतात. जुनं वाहून आलेलं अभ्रक मुख्यतः जाड कणांत असतं, आणि नवं तयार झालेलं इलाइट बारीक कणांत. एकाच शेलच्या जाड आणि बारीक कणांचं वय वेगवेगळं निघतं, जितके कण बारीक तितकं वय कमी, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं. पुढे क्ष-किरण वापरून प्रत्येक वाट्यात जुनं अभ्रक किती टक्के आहे ते मोजू लागले, कारण जुन्या-नव्याच्या पदरांची रचना वेगळी असते. मग तोच आलेख, तीच रेष, आणि जुनं शून्य टक्के असेल तिथे पाटीच्या जन्माचा काळ. दुसऱ्या टोकाला, जुनं १०० टक्के असेल तिथे, मूळ डोंगराच्या वयाचा अंदाज.

आपली मुलं सरासरी आणि आलेख शिकतात, तो धडा इथवर पोहोचतो हे मला स्वतःला फार आवडलं.

आणि आता आपलं बोरी

तुम्ही म्हणाल, बाई, पाटीचं ठीक आहे, पण याचा आपल्या तालुक्याशी काय संबंध? आहे, आणि चांगलाच आहे.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठच्या गाळात, बोरी गावाजवळ, फिकट रंगाच्या ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. आपल्या सह्याद्रीच्या लाव्हाशी तिचा संबंध नाही, ती कितीतरी नंतरची. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेचे बारीक वाकडे तुकडे दिसतात. ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर वाऱ्यावर उडत आलेली राख आपल्या कुकडीच्या काठी! याच परिसरात, राखेच्या सोबतच्या थरांत, आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली. हातकुऱ्हाडीसारखी, दोन्ही बाजूंनी घडवलेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या जागेवर बरंच काम केलं आहे.

साहजिकच प्रश्न आला, ही माणसं इथे कधी राहत होती? हत्याराला घड्याळ नसतं, राखेला असतं. म्हणून राखेचं वय काढलं, पोटॅशियम-आरगॉनच्याच पद्धतीने. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आकडा आला सुमारे १४ लाख वर्षं. १९९३ मध्ये दुसऱ्या अभ्यासात आला सुमारे ६ लाख ७० हजार. मग १९९५ आणि १९९८ मध्ये राखेच्या काचेच्या रासायनिक घडणीवरून काही संशोधकांनी म्हटलं, ही टोबाच्या सगळ्यात अलीकडच्या महाउद्रेकाची राख आहे, म्हणजे फक्त सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची.

१४ लाख, पावणेसात लाख, पाऊण लाख. एकाच राखेला तीन वयं. कुणी हलगर्जीपणा केला का? मला तसं वाटत नाही. इथे आपली वर्गातली आजी आठवा.

बोरीची राख नदीच्या गाळात आहे. नदी वाहते कुठून? सह्याद्रीतून. तिच्या पाण्यात काळ्या दगडाचा चुरा असणारच, आणि त्या दगडाचं वय ६ कोटी ६० लाख. ही आपली आजी! आता पाटीवर हिशोब करा. समजा राख खरोखर ७५ हजार वर्षांची आहे, आणि तपासलेल्या नमुन्यातल्या पोटॅशियमपैकी फक्त १ टक्का जुन्या दगडाचं आहे. ६ कोटी ६० लाखांचा १ टक्का म्हणजे ६ लाख ६० हजार. त्यात राखेचा ९९ टक्के वाटा सुमारे ७४ हजार. बेरीज सुमारे ७ लाख ३४ हजार. आणि २ टक्के धरलं तर? सुमारे १३ लाख ९३ हजार.

आकडे बघून मुलांचे डोळे मोठे होतात. पण लगेच सांगा, हा हिशोब फक्त "असं होऊ शकतं" एवढंच दाखवतो. "असंच झालं" हे त्यातून सिद्ध होत नाही. काळ्या दगडात पोटॅशियम कमी आणि टोबाच्या काचेत बरंच जास्त असतं, त्यामुळे पोटॅशियमचा १ टक्का वाटा यायला दगडाचा चुरा वजनाने त्याहून कितीतरी जास्त लागेल. शिवाय टोबाचा सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीही एक मोठा उद्रेक झाला होता आणि त्याच्या राखेची घडण अलीकडच्या राखेशी बरीच जुळते. म्हणून बोरीची राख त्या जुन्या उद्रेकाची आहे असं मानणारे संशोधकही आहेत. टोबाच्या राखेत बायोटाइट नावाचं काळं अभ्रक असतं, आणि त्याची रासायनिक घडण उद्रेकागणिक बदलते. त्यामुळे कुठली राख कुठल्या उद्रेकाची, हे ओळखायलाही शेवटी अभ्रकच उपयोगी पडतं.

आणि हत्यारांचं काय? इथेही "काय जुनं?" विचारायचं. राख ७५ हजार वर्षांची असली तरी नदीने वरच्या अंगाची जुनी हत्यारं उकरून त्या थरात आणून टाकलेली असू शकतात. तमिळनाडूत अत्तिरंपक्कम इथे अशाच प्रकारच्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या असल्याचं २०११ मध्ये मांडलं गेलं, तेही राखेवरून नाही, दुसऱ्या पद्धतींनी. त्यामुळे राखेचं वय कमी झालं म्हणून हत्यारं आपोआप लहान होत नाहीत.

"म्हणजे आमचं गाव लहान झालं का?"

हा प्रश्न मला वर्गात एका मुलाने विचारला होता. त्याचे पाहुणे बोरीकडचे. १४ लाख ऐकून त्याची छाती फुगली होती, ७५ हजार म्हटल्यावर चेहरा पडला. मला वाटतं हा प्रश्न आपण मोठ्यांनीही मनावर घ्यायला हवा. आपल्या भागाबद्दलचा मोठा आकडा मोबाईलवर आला की आपण लगेच पुढे पाठवतो. लहान आकडा आला की तो "बाहेरच्यांचा कट" वाटतो. मुलं हे बघत असतात.

मी त्याला म्हटलं, "अरे, तीन हजार किलोमीटरवरची राख तुझ्या पाहुण्यांच्या गावात येऊन पडली, आणि देशोदेशीचे शास्त्रज्ञ तिच्यावर इतकी वर्षं भांडतायत. गाव लहान कसं होईल?" तो हसला. पण मला खरा आनंद पुढच्या आठवड्यात झाला. वर्गात एकाने सांगितलं की त्यांचा वाडा तीनशे वर्षांचा आहे. तेव्हा याच मुलाने विचारलं, "वाडा का त्याचं लाकूड?"

पालक विचारतात, "बाई, मग परीक्षेत काय लिहायचं?" रास्त प्रश्न आहे. परीक्षेत पुस्तकात आहे ते लिहायचं. पण मुलाने घरी विचारलं की हा आकडा कशाचा, कसा मोजला, तर त्याला गप्प करू नका. उत्तर माहीत नसलं तरी चालेल, "चल, शोधू" म्हणा. पुढे जाऊन दवाखान्याचा रिपोर्ट असो की निवडणुकीतली आकडेवारी, "ही सरासरी कुणाकुणाची?" हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरणार आहे.

वर्गात करून बघा

* आजीचा खेळ : वर दिल्याप्रमाणे. वर्गात खरंच एखाद्या आजीला बोलावलं तर उत्तमच, गोष्टही ऐकायला मिळेल.
* बरणीतला गाळ : काचेच्या बरणीत घोड, मीना किंवा कुकडीकाठची मूठभर माती आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. आधी वाळू बसते, मग पोयटा, पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळ. "सगळ्यात बारीक कण कुठे आहेत?" ते मुलांनाच शोधू द्या. (नदीवर माती आणायला मुलांना एकटं पाठवू नका.)
* तीन वयांची वही : घरातली एक वस्तू घ्या, जातं, पाटी, उंबऱ्याचा दगड. मुलांनी लिहायचं : वस्तूचं वय, ज्या पदार्थाची ती बनली त्याचं वय, आणि ती घरात आली तेव्हापासूनचं वय. माहीत नसेल तिथे रिकामी जागा सोडायची आणि कुणाला विचारणार ते लिहायचं.
* दगडातले पाहुणे : पोकळ्या असलेला काळा दगड मिळाला तर भिंगातून दाखवा. आत हिरवट साय असेल तर ती बहुधा सेलॅडोनाइट, म्हणजे अभ्रकाच्याच कुळातलं खनिज. पांढरे स्फटिक दिसले तर "आधी दगड की आधी स्फटिक?" एवढंच विचारा. मुलं बरोबर सांगतात.

पाचवीच्या परिसर अभ्यासात दगडाच्या हत्यारांचा भाग येतो तेव्हा आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात मी बोरीबद्दल असं लिहिते : "बोरीची राख : १४ लाख? ६ लाख ७० हजार? ७५ हजार? काय मोजलं, कसं मोजलं?" प्रश्नचिन्हं पुसायची नाहीत असं मुलांना सांगून ठेवलंय. त्यांच्यापैकी एखादं मूल उद्या ती पुसायला बोरीला जाईलही.

तुम्ही यातलं काही वर्गात किंवा घरी केलंत, तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा. उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त कळवा!